आमच्या घरच्या तसबिरींचा चित्रकार राफाएल

या महोत्सवी वर्षात घरांस आशीर्वाद देण्याच्या निमित्ताने धर्मग्रामातील बहुतेक सर्व कुटुंबांच्या उंबऱ्याच्या आत जाण्याचा योग मला आला. जुन्या घरांतून अद्यापि भिंतीवर काचेच्या चौकटीत बसविलेल्या तसबिरी आहेत. खुर्चीवर बसून बाळ येशूला उराशी घट्ट धरणारी माता, मेघांवरून पाऊल टाकीत येणारी माता, अशा त्या तसबिरी होत. काचेच्या आत धूळ शिरलेली, कागद पिवळा पडलेला, परंतु खाली दिवा तेवत असलेला. नव्या इमारतींतील एका बिऱ्हाडी मात्र निराळा प्रकार दिसला. दिवाणखान्यात सोनेरी चौकटीत दोन पंखधारी बालके होती. एकाने गाल हातावर टेकलेला, दुसऱ्याने हातांची घडी घालून तीवर हनुवटी ठेवलेली. दोघांचेही डोळे वर लागलेले होते. ही कोणाकडे पाहत आहेत, असे मी यजमानांस विचारले, तेव्हा ते हसले व म्हणाले की चित्र शोभेचे म्हणून आणले, कोठे पाहतात ते ठाऊक नाही. त्यांच्या आजीची जुनी तसबीर माळ्यावर होती. ती खाली काढून पाहता तीत तीच दोन बालके पायथ्याशी आढळली, आणि ती ज्यांच्याकडे पाहत होती ती माता व तो बालकही तेथेच होते!

त्या प्रसंगामुळे ज्याच्या हातून ही चित्रे उतरली त्या पुरुषाचे चरित्र आपल्या लोकांस सांगावे असे मनात आले. त्याचे नाव राफाएल सान्ती. इटली देशातील उर्बिनो या डोंगरावरील लहानशा नगरात इ. स. १४८३ मध्ये त्याचा जन्म झाला. तो दिवस शुभ शुक्रवार होता अशी परंपरा आहे. पिता ज्योव्हान्नी सान्ती हा उर्बिनोच्या ड्यूकच्या दरबारी चित्रकार असून कवीही होता. मातेचे नाव माजिया. चित्रकारांची चरित्रे लिहिणारा ज्योर्ज्यो वासारी याने राफाएलच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी, १५५० साली, आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या सांगण्याप्रमाणे पित्याने आग्रह धरला की मुलास दाईकडे न देता मातेनेच आपले दूध पाजावे. त्या काळच्या सुखवस्तू घरांत ही रीत नव्हती.

हाच वासारी पुढे लिहितो की, मुलगा मोठा होऊन गुरूच्या घरी जावयास निघाला तेव्हा मातेने डोळ्यांतून आसवे गाळीत त्याला निरोप दिला. येथे चरित्रकाराची गफलत झाली आहे. माजिया १४९१ मध्येच निवर्तली होती आणि राफाएल त्या वेळी अवघा आठ वर्षांचा होता. वासारीस ही चूक का झाली असावी याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. ज्याने आयुष्यभर माता व बालक रंगविली त्याची आई इतक्या लवकर गेली असेल, हे त्याच्या मनास पटलेच नसावे.

पित्याने दुसरा विवाह केला, परंतु १४९४ साली तोही वारला. अकरा वर्षांच्या पोरक्या मुलाचा सांभाळ बार्तोलोमेओ नावाच्या चुलत्याकडे आला. हा चुलता धर्मगुरू होता. धर्मगुरूच्या घरी मूल वाढले म्हणजे सर्व गोड झाले असे वाचकांनी समजू नये. कारण या चुलत्याचा व सावत्र आईचा इस्टटीवरून तंटा लागला आणि तो न्यायालयापर्यंत गेला. कागदपत्रांतून ते भांडण आजही वाचावयास मिळते. मुलास खरा जिव्हाळा लाभला तो आईचा भाऊ सिमोने च्यार्ला याचा. राफाएल पुढे रोममध्ये कीर्तीच्या शिखरावर असतानाही या मामाला पत्रे लिहीत असे. उर्बिनोतील त्या घराच्या एका भिंतीवर माता व निजलेले बालक यांचे एक जुने चित्र आहे. कोणी ते पित्याचे म्हणतात, कोणी पुत्राचे. ती माजियाच होय, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

पित्याच्या रंगशाळेत हातात कुंचला आलाच होता. तदनंतर पेरुजीनो या त्या काळच्या नामांकित चित्रकाराची रीत राफाएलने इतकी आत्मसात केली की दोघांचे काम वेगळे ओळखणे जाणत्यांसही कठीण जाई. १५०४ साली त्याने एका फ्रान्सिस्कन चर्चसाठी मरिया व योसेफ यांच्या विवाहाचे चित्र काढले व मागील मंदिराच्या कमानीवर आपले नाव व साल घातले. योसेफाच्या काठीस फूल आले आहे, आणि नाकारला गेलेला एक तरुण आपली कोरडी काठी गुडघ्यावर मोडीत आहे. हे चित्र सांप्रत मिलान येथे आहे. एकवीस वर्षांच्या त्या मुलाने आपले नाव धिटाईने लिहिले, आणि त्या दिवसापासून तो गुरूच्या छायेबाहेर आला असे म्हणण्यास हरकत नाही.

त्याच वर्षी तो फ्लोरेन्सला गेला. तेथे लिओनार्दो व मिकेलान्जेलो हे दोन महान कलावंत काम करीत होते. दोघांपासूनही जे घेता आले ते या तरुणाने मुकाट्याने घेतले. फ्लोरेन्समधील चार वर्षांत त्याने देवमातेची जी चित्रे काढली, त्यांतील पुष्कळशी चर्चच्या वेदीसाठी नव्हती. ती घरांसाठी होती. त्या नगरात लग्न झाले की नव्या जोडप्याच्या घरी मरियेची तसबीर असावी अशी चाल होती. मूल जन्मले की त्याच्या दृष्टीस प्रथम पडावी अशा हेतूने ती शयनगृहात लावीत. आपण ज्याला घरची तसबीर म्हणतो तिचे कूळ असे जुने आहे.

लोरेन्झो नासी नावाच्या मित्राच्या विवाहानिमित्त राफाएलने असेच एक चित्र काढून दिले. माता हाती पुस्तक घेऊन खडकावर बसली आहे, बाळ येशू तिच्या गुडघ्यांपाशी उभा आहे, आणि बालयोहानाने एक इवलासा पक्षी आणला असून येशू त्याच्या डोक्यावरून हात फिरवीत आहे. या पक्ष्याच्या तोंडाभोवती तांबडा रंग असतो. प्रभूच्या मस्तकावरील काट्यांच्या मुकुटातून काटा उपसताना त्याला तो रक्ताचा डाग लागला, अशी युरोपातील लोकांची समजूत. म्हणजे खेळण्यासारखे जे दिसते ते दुःखसहनाचे चिन्ह आहे, आणि मातेची नजर खाली वळली आहे ती त्यावरच. पुढे १५४८ साली डोंगर खचून नासीचे घर कोसळले व चित्राचे सतरा तुकडे झाले. लोरेन्झोच्या पुत्राने दगडमातीतून ते वेचून काढले व जोडून घेतले. घर पडल्यावर माणूस प्रथम काय शोधतो हे यावरून दिसते. अलीकडे सुमारे दहा वर्षे खपून तज्ज्ञांनी त्याची डागडुजी केली, ती २००८ साली पुरी झाली. चित्र फ्लोरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात आहे.

या सर्व चित्रांत मातेच्या मागे इटलीतील टेकड्या, नदी, पूल व सडपातळ झाडे आहेत, आणि तिचा पेहरावही बराचसा तेथलाच आहे. गालिलात असे काही नव्हते हे राफाएलला ठाऊक नव्हते असे नाही. म्हणून मूळचे गोव्याचे आंजेलो दा फोन्सेका यांनी पुण्यात राहून मरियेला लुगडे नेसविले, तेव्हा आपल्यातील ज्यांनी नाके मुरडली त्यांनी आपल्या भिंतीवरील राफाएल नीट पाहिला नव्हता एवढेच मी म्हणेन. असो.

१५०८ साली पोप दुसरे ज्यूलियस यांनी त्याला रोमला पाचारण केले. मिकेलान्जेलो सिस्टाइन चॅपेलचे छत रंगवीत असता, तेथून जवळच पोपमहाशयांच्या दालनांच्या भिंती राफाएल रंगवू लागला. ग्रीक तत्त्ववेत्त्यांचे भित्तिचित्र जगप्रसिद्ध आहे. त्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला त्याच्या समोरच्या भिंतीवरील पवित्र साक्रामेंताचे चित्र अधिक मोलाचे वाटते. वर स्वर्गात पवित्र त्रैक्य व संतगण, खाली पृथ्वीवर पोप, बिशप, शास्त्री व सामान्य जन, आणि मध्ये साधी वेदी. तीवरील दर्शनपात्रात पवित्र भाकर आहे. फरशीच्या व रचनेच्या सर्व रेषा एकत्र मिळतात त्या नेमक्या त्या लहानशा शुभ्र वर्तुळापाशी. एवढ्या विशाल भिंतीवर सर्वांत लहान वस्तूच केंद्रस्थानी ठेवण्याची बुद्धी पंचविशीच्या तरुणास व्हावी हे आश्चर्य होय.

आता त्या दोन बालकांकडे वळू. पियाचेन्झा नगरातील संत सिक्स्तुसच्या मठासाठी, पोप ज्यूलियस यांच्या इच्छेने, १५१२ च्या सुमारास राफाएलने एक मोठे वेदीचित्र हाती घेतले. दोन्ही बाजूंस हिरवा पडदा सारला गेला आहे व मधून बाळास हातावर घेऊन माता मेघांवरून आपल्याकडे येत आहे. एकीकडे संत सिक्स्तुस, त्यांनी आपला मुकुट काढून खाली कठड्यावर ठेवला आहे. दुसरीकडे संत बार्बारा. त्याच कठड्यावर टेकून ते दोन चिमुकले देवदूत वर पाहत आहेत. सिक्स्तुसचा हात चित्राबाहेर, भाविकांच्या दिशेस, रोखलेला आहे. चर्चमध्ये त्या दिशेस क्रूस होता व संत त्याकडेच बोट दाखवीत आहेत, असे काही अभ्यासक सुचवितात. तसे असेल तर माता व बालक यांच्या मुद्रेवरील गांभीर्याचा उलगडा होतो. ती क्रूस पाहूनही येत आहेत, थांबलेली नाहीत. १७५४ साली मठवासीयांनी हे चित्र सॅक्सनीच्या अधिपतीस विकले. तेव्हापासून ते ड्रेस्डेन येथे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, रशियन सैन्याने ते मॉस्कोस नेले व १९५५ साली परत केले. देवदूतांची जोडी मातेपासून कापून निराळी छापण्याची रीत एकोणिसाव्या शतकात पडली. आज ती भेटकार्डांवर, डब्यांवर, उशांच्या अभ्य्रांवरही आढळते. बालके गोजिरवाणी आहेत यात शंका नाही. परंतु ज्याच्याकडे पाहायचे तेच कापून टाकल्यावर त्यांच्या पाहण्यास काय अर्थ राहिला? ज्यांस हे चित्र घरी लावावयाचे असेल त्यांनी ते सबंध मिळवावे, एवढी माझी विनंती आहे. लहान आकाराचे मिळाले तरी चालेल.

खुर्चीवर बसलेल्या मातेचे चित्र याच काळातले, १५१३-१४ च्या सुमाराचे. ते वाटोळ्या लाकडी फळीवर आहे व त्याचा व्यास पाऊण मीटरहूनही कमी आहे. दारूच्या पिंपाच्या झाकणावर ते काढले अशी एक कथा फिरते. ती मागाहून रचलेली आहे. मातेच्या खांद्यावर पट्ट्यापट्ट्यांचे वस्त्र आहे, तिचा गाल बाळाच्या मस्तकाला टेकला आहे, आणि योहान हात जोडून मागे उभा आहे. वर्तुळाच्या कडा तिघांना अशा आवळून धरतात की चौथ्याला जागाच नाही. तरी माता सरळ आपल्याकडे पाहते. लहानपणी आई गमावलेल्याने हे रंगविले, हे मनात ठेवून ती जुनी तसबीर एकदा पाहावी.

छापलेली तसबीर म्हणजे मूळ चित्राची हलकी नक्कल, तिचे एवढे कौतुक कशास, असा आक्षेप सुशिक्षित मंडळी घेतात. त्यांस राफाएलचेच उदाहरण सांगता येईल. रोममध्ये मार्कान्तोनिओ राइमोंदी नावाचा बोलोन्याचा एक कोरक्या होता. तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरून त्यांत शाई भरावी व कागदावर ठसे उठवावेत, ही त्याची विद्या. पूर्वी त्याने जर्मन चित्रकार ड्यूरर याची मरियेच्या जीवनावरील चित्रे परवानगीवाचून तांब्यावर उतरविली होती, आणि वासारी सांगतो की त्यावरून व्हेनिसमध्ये तक्रार झाली. राफाएलने या माणसास जवळ केले. निरपराध बालकांच्या वधाचे जे चित्र मार्कान्तोनिओने कोरले, ते कोणत्याही भिंतीवरील चित्राची नक्कल नव्हते. राफाएलने ते छापण्यासाठीच रेखाटले. पत्र्यावर दोघांचीही नावे आहेत, कल्पना कोणाची व कोरीव काम कोणाचे हे स्पष्ट करून. पत्रे सांभाळणे व ठसे विकणे हे काम बाव्हिएरा नावाच्या मदतनिसाकडे होते. राजवाड्याची भिंत ज्याला कधी दिसणार नाही, त्या माणसाच्या हाती कागदाचा तुकडा पोचावा अशी व्यवस्था चित्रकाराने आपल्या हयातीतच केली होती. यात त्याला कीर्ती व पैका हवा होता हे मी नाकारीत नाही.

पोप दहावे लिओ यांनी त्याला सिस्टाइन चॅपेलच्या भिंतींच्या खालच्या भागासाठी विणीव पडद्यांचे नमुने काढण्यास सांगितले. संत पेत्र व संत पौल यांची चरित्रे हा विषय. विणकर ब्रसेल्स येथील. ते मागच्या बाजूने विणीत, त्यामुळे चित्र उलटे उमटे. म्हणून राफाएलने सर्व आकृती उलट्या काढल्या. चमत्कारिक मासेमारीच्या नमुन्यात जाळे ओढणाऱ्यांच्या पाठी व दंड असे ताणलेले आहेत की आपले कोळी बांधव पाहताच ओळखतील, मात्र होडी एवढी लहान आहे की ते हसतीलही. इतकी माणसे घेऊन ती तरंगणे शक्यच नाही! माणसे मोठी दिसावीत म्हणून त्याने होडी मुद्दामच लहान केली. नमुन्यांपैकी सात लंडनमध्ये आहेत. पडदे १५१९ च्या नाताळात प्रथम टांगले गेले. चित्रकाराच्या पाचशेव्या पुण्यतिथीच्या वर्षी, २०२० च्या फेब्रुवारीत, ते आठवडाभर पुन्हा त्याच भिंतींवर लावण्यात आले होते.

शेवटच्या सहा वर्षांत त्याच्यावर कामाचा डोंगर कोसळला. १५१४ मध्ये ब्रामान्तेच्या मृत्यूनंतर संत पेत्राच्या महामंदिराचा वास्तुशिल्पी म्हणून त्याची नेमणूक झाली; शिवाय रोममधील प्राचीन अवशेषांची देखरेख. शिष्यांचा मोठा मेळा त्याच्याभोवती असे, व त्याच्या नावाची पुष्कळ चित्रे वस्तुतः ज्यूलिओ रोमानो, पेन्नी इत्यादी शिष्यांच्या हातची आहेत. स्वभावाने तो गोड होता. हाताखालच्यांत भांडण होऊ देत नसे.

त्याचे खाजगी जीवन मात्र निर्दोष नव्हते आणि ते झाकून ठेवणे मला रुचत नाही. कार्डिनल बिब्बिएना यांच्या पुतणीशी त्याचा वाङ्‌निश्चय झाला होता. ते लग्न तो पुढे ढकलीत राहिला आणि अखेर ती बिचारी वारली. एका स्त्रीशी त्याचा विवाहबाह्य संबंध होता. ती भटारखान्याच्या मालकाची कन्या असावी अशी परंपरा आहे. देवमातेची चित्रे काढणारा हात पापी मनुष्याचा होता. मला यात चित्रांची अप्रतिष्ठा दिसत नाही. कृपा कोणत्या भांड्यातून वाहते हे आपण ठरवीत नसतो.

१५२० च्या वसंतात त्याला ताप आला. वैद्यांनी रक्त काढले, त्याने शक्ती अधिकच खचली. वासारी सांगतो की त्याने त्या स्त्रीस सन्मानाने जगता येईल एवढी तजवीज करून घरातून निरोप दिला, पापनिवेदन केले आणि मृत्युपत्र केले. ६ एप्रिल १५२० रोजी, शुभ शुक्रवारी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी त्याचे देहावसान झाले. ज्या दालनात तो काम करीत असे तेथेच शव ठेवले व उशाशी त्याचे अखेरचे, बहुतेक पूर्ण झालेले चित्र उभे केले. प्रभूच्या रूपांतराचे ते चित्र. वर पर्वतावर तेजाने न्हालेला ख्रिस्त, मोशे व एलिया. खाली अपस्माराने तळमळणारा मुलगा, त्याला आवरणारा बाप व हतबल झालेले शिष्य. ते चित्र व ते शव एकत्र पाहून लोक रडले, असे वासारी लिहितो.

हे चित्र आता व्हॅटिकनच्या चित्रसंग्रहालयात आहे. संत पेत्राच्या महामंदिरात जाणाऱ्या यात्रेकरूस वेदीवर तेच दिसते, परंतु ते रंगाने काढलेले नव्हे. अठराव्या शतकात रंगीत काचेचे बारीक तुकडे जुळवून बनविलेली ती प्रतिकृती आहे. त्या महामंदिरातील बहुतेक वेदीचित्रे अशीच मोझेक प्रतिकृती होत, व त्यांच्यापुढे नित्य मिस्सा होते. आपल्या देशातही, १५८० साली गोव्याहून फादर रुदोल्फ आक्वाव्हिवा व त्यांचे सोबती अकबर बादशहाच्या दरबारी पोचले, तेव्हा त्यांच्याजवळ रोमच्या एका पुरातन मरिया-चित्राची प्रतच होती, आणि बादशहाने तिला मान दिला. हेच फादर रुदोल्फ पुढे १५८३ साली साष्टीतील कुंकळ्ळी येथे रक्तसाक्षी झाले.

राफाएलने मृत्युपत्रात आपल्या दफनाची जागा नेमून ठेवली होती. रोममधील पान्थेओन हे प्राचीन देवालय सातव्या शतकापासून मरियेला व रक्तसाक्षींना अर्पिलेले चर्च आहे. तेथील एक कोनाडा दुरुस्त करावा, त्यात देवमातेची संगमरवरी मूर्ती बसवावी व खाली आपणास पुरावे, यासाठी त्याने द्रव्य ठेवले. त्याचा सहकारी लोरेन्झेत्तो याने ती मूर्ती घडविली. पुढे पुष्कळ वर्षे रोममधील चित्रकारांच्या अकादमीत एक कवटी राफाएलची म्हणून जपून ठेवलेली होती व होतकरू चित्रकार तिला भक्तिभावाने पाहत. शेवटी खरे काय ते कळावे म्हणून १८३३ साली कबर उघडली. सांगाडा जागच्या जागी, कवटीसह सबंध सापडला. अकादमीतील कवटी दुसऱ्याच कोणाची निघाली. पोप सोळावे ग्रेगरी यांनी एक प्राचीन संगमरवरी शवपेटी दिली, तीत अस्थी पुन्हा ठेविल्या. तिच्यावरच्या कोनाड्यात, एक पाय खडकावर टेकून, बाळाला हातावर घेतलेली ती माता उभी आहे.